रक्ताची आठवण : किडनी जुळत नाही तेव्हा

सदर : आरोग्य-संवाद



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा साखर, रक्तदाब, मुलांचा खोकला, पांढरी कावीळ अशा विषयांवर असतात. या खेपेला तेरहून एक वेगळे पत्र आले आहे. पत्र लिहिणारे बंधू गवंडीकाम करतात. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत.

त्यांच्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. स्वतःची किडनी देण्याची यांची तयारी आहे. दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. सगळ्या तपासण्या झाल्या, घरात आनंद झाला आणि शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, क्रॉस मॅच पॉझिटिव्ह आहे, ही किडनी चालणार नाही. पत्नीच्या रक्तात पतीच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज आहेत. औषधे देऊन त्या कमी करून पाहता येतील, पण खर्च काही लाखांत जाईल आणि खात्री देता येणार नाही.

पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत. रक्तगट एक असताना किडनी का जुळत नाही? लग्न आंतरजातीय आहे म्हणून रक्त जुळले नाही असे भावकीतले लोक बोलतात, त्यात तथ्य आहे काय? आणि गावाकडची एक एकर जमीन विकून हे औषध घ्यावे काय?

तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिल्याचे उत्तर समजले तर दुसऱ्याचे आपोआप मिळते, आणि तिसऱ्याचा विचार शांतपणे करता येतो. म्हणून क्रमाने जाऊ.

शरीराचा पहारा

आपल्या शरीरात परक्या वस्तूंवर नजर ठेवणारी एक यंत्रणा आहे. जंतू शिरला की ती त्याला ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार करते. ही प्रतिपिंडे त्या जंतूला चिकटतात आणि त्याचा नाश घडवून आणतात. एकदा गोवर होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, कारण शरीराने त्याची आठवण ठेवलेली असते. बाळाला लस देतो तीही ही आठवण निर्माण करण्यासाठीच.

पण या पहारेकऱ्याला शत्रू आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. जे परके ते परके, एवढेच त्याला ठाऊक. जीव वाचवण्यासाठी दिलेले रक्तसुद्धा त्याला परके वाटू शकते. म्हणून ए गटाच्या माणसाला बी गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते.

याबाबतीत एक मोठा शोध आपल्या मुंबईत लागला आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे मांडला. 'लॅन्सेट' या विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे दिसते. परंतु 'ओ' गटाच्या रक्तातही 'एच' नावाचा जो पदार्थ असतो तो या लोकांत नसतो. त्यामुळे त्यांच्या रक्तात नैसर्गिकपणेच 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि 'ओ' गटाचे रक्तसुद्धा त्यांना चालत नाही. जगभर हा गट 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. अशा माणसाला औषधे देऊन भलत्या गटाचे रक्त पचवता येत नाही; त्याच गटाचा दाता शोधणे हाच मार्ग आहे. औषधांनी सगळेच साधते असे नाही, हे इथेच ध्यानात ठेवू.

रक्तगट जुळला तरी

आता किडनीकडे वळू. रक्तगट हा पहिला दरवाजा आहे. त्याच्या आत आणखी एक दरवाजा आहे, त्याचे नाव एच.एल.ए. आपल्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. पोलीस जसा बिल्ला पाहतो तशी शरीराची यंत्रणा या खुणा पाहते. या खुणा प्रत्येकाला निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून मिळतात. त्या इतक्या प्रकारच्या आहेत की दोन अनोळखी माणसांच्या खुणा तंतोतंत जुळणे फार दुर्मीळ. सख्ख्या भावाबहिणींत मात्र चारांत एक अशी पूर्ण जुळण्याची शक्यता असते.

खुणा जुळल्या नाहीत म्हणजे किडनी बसवता येत नाही असे नाही. आजच्या औषधांमुळे न जुळणारी किडनीही चांगली चालते. पती-पत्नींच्या किडन्या तशाच चालतात. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा रुग्णाच्या रक्तात त्या दात्याच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार होऊन बसलेली असतात.

ती कशी तयार होतात? मुख्य कारणे तीन. एक, गर्भारपण. दोन, पूर्वी घेतलेले रक्त. तीन, पूर्वी बसवलेला एखादा अवयव. बाळाच्या अंगी निम्म्या खुणा वडिलांच्या असतात. गर्भारपणात आणि विशेषतः बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात. आईचे शरीर त्या खुणा पाहते आणि काही स्त्रियांत त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही. आईलाही काही कळत नाही. वर्षे निघून जातात. पुढे कधी पतीची किडनी घ्यायची वेळ आली की ती जुनी आठवण जागी होते. रक्ताच्या बाटलीतून आलेल्या पांढऱ्या पेशीही अशीच आठवण मागे ठेवतात.

आमच्या तेरच्या भगिनीची तीन बाळंतपणे झाली आहेत. तिसऱ्या वेळी रक्तस्राव होऊन दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. डायलिसिस सुरू झाल्यावर आणखी चार बाटल्या दिल्या गेल्या. कारण समोरच आहे.

आता भावकीच्या बोलण्याविषयी. बंधूंनो, कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली पेशीवर जातीचा शिक्का दिसत नाही. हेच लग्न एका जातीत, अगदी मामाच्या मुलीशी झाले असते, तरी तीन बाळंतपणांनंतर हीच प्रतिपिंडे तयार होऊ शकली असती. एकाच जातीतील शेकडो जोडप्यांना दवाखान्यात हेच उत्तर ऐकावे लागते. गेल्या जन्मीचे पाप नाही, करणी नाही, कोणाची नजर नाही. भगवान बुद्धांनी शिकवले की प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले तर परिणाम दूर होतो. इथे कारण तपासणीच्या कागदावर लिहिलेले आहे. ज्या स्त्रीने या घराला तीन लेकरे दिली, तिच्या त्या मातृत्वाची ही खूण आहे. त्यावरून तिला किंवा तिच्या लग्नाला बोल लावणे हा अन्याय आहे.

मडके वाजवून पाहणे

कुंभार मडके देण्यापूर्वी बोटाने वाजवून पाहतो. आवाजावरून कच्चे-पक्के कळते. क्रॉस मॅच ही तशीच तपासणी आहे. रुग्णाच्या रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी काचेच्या नळीत एकत्र आणतात. पेशी मेल्या तर समजायचे की प्रतिपिंडे हल्ला करीत आहेत.

या तपासणीचे महत्त्व १९६९ साली अमेरिकेत पटेल आणि तेरासाकी या दोन संशोधकांनी दाखवून दिले. क्रॉस मॅच पॉझिटिव्ह असताना किडनी बसवलेल्या ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत असे फक्त ८ जणांचे झाले. तेव्हापासून ही तपासणी झाल्याशिवाय किडनी बसवत नाहीत. म्हणजे तेरच्या डॉक्टरबंधूंनी 'नाही' म्हटले ते टाळाटाळ म्हणून नव्हे. दोन जीव धोक्यात जाऊ नयेत म्हणून ते 'नाही' होते.

आज याहून बारीक तपासण्या आहेत. रुग्णाच्या रक्तात नेमक्या कोणत्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत आणि ती किती जोरदार आहेत हे कळते. दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना डी.एस.ए. म्हणतात. शंभर दात्यांपैकी कितींच्या विरुद्ध प्रतिपिंडे आहेत त्या टक्क्याला पी.आर.ए. म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितके जुळणारा दाता मिळणे कठीण.

औषधे काय करतात

प्रत्यारोपणात दिल्या जाणाऱ्या औषधांचे काम शरीराच्या पहाऱ्याला आवर घालण्याचे आहे. १९६० नंतरच्या वर्षांत ॲझाथायोप्रिन या गोळीने किडनी प्रत्यारोपणाला पहिला आधार दिला. ही गोळी शोधणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन ही अमेरिकन स्त्री होती. स्त्री म्हणून तिला सुरुवातीला प्रयोगशाळेत कामच मिळेना आणि तिची पीएच.डी.ही पुरी झाली नाही. १९८८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. शिकू पाहणाऱ्या आमच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. पुढे मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन आले, त्यानंतर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आली. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नातेवाइकाची किडनी बसवण्यात यश आले.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या गोळ्या नवी प्रतिपिंडे तयार होण्याला आळा घालतात. रक्तात आधीच फिरत असलेली प्रतिपिंडे त्या काढून टाकत नाहीत. त्यासाठी वेगळे उपाय लागतात. ते तीन प्रकारचे आहेत.

पहिला उपाय, रक्तातून प्रतिपिंडे गाळून काढणे. यंत्राने रुग्णाचे रक्त बाहेर घेतात, त्यातला पिवळा द्रव म्हणजे प्लाझ्मा वेगळा करतात आणि त्याच्या जागी दुसरा द्रव घालून रक्त परत देतात. एका खेपेने भागत नाही. ऊतींत दडलेली प्रतिपिंडे पुन्हा रक्तात उतरतात, म्हणून बऱ्याच खेपा लागतात.

दुसरा उपाय, आय.व्ही.आय.जी. हजारो निरोगी दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ही चांगली प्रतिपिंडे असतात. मोठ्या मात्रेत सलाइनवाटे दिली की ती हानिकारक प्रतिपिंडांच्या कामात अडथळा आणतात. हे औषध महाग आहे.

तिसरा उपाय, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींवरच घाव घालणे. रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन मूळचे एका कर्करोगासाठीचे. अमेरिकेत १९९७ साली त्याला परवानगी मिळाली. ते 'बी' पेशी नष्ट करते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची देशी आवृत्ती काढली. पण प्रत्यक्ष प्रतिपिंडे बनवतात त्या पेशी वेगळ्या, हाडांच्या मगजात मुरून बसलेल्या. शेतातले उदाहरण द्यायचे तर रिटुक्सिमॅब रोपे उपटते, जुनी झाडे तशीच राहतात. त्या झाडांसाठी बोर्टेझोमिबसारखे औषध काही ठिकाणी वापरतात, पण त्याचे दुष्परिणाम अधिक आणि यश मर्यादित. युरोपात २०२० साली इम्लिफिडेज नावाच्या औषधाला सशर्त परवानगी मिळाली. ते काही तासांत प्रतिपिंडांचे तुकडे करते. मात्र शरीर थोड्याच दिवसांत नवी प्रतिपिंडे बनवू लागते.

या उपचारांना वेळ लागतो. नवी निर्मिती पूर्ण थांबली तरी रक्तातली निम्मी प्रतिपिंडे नाहीशी व्हायला साधारण तीन आठवडे जातात. आणि आठवण पुसली जात नाही, ती फक्त दबते.

रक्तगटच वेगळा असेल तेव्हाही याच मार्गाने प्रत्यारोपण करतात. जपानमध्ये मृत दाते फार कमी मिळत असल्यामुळे १९८९ पासून तिथे हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. पूर्वी त्यासाठी रुग्णाची प्लीहा काढावी लागे. रिटुक्सिमॅबमुळे ती गरज संपली. आपल्या देशातही मोठ्या शहरांतील रुग्णालयांत अशी प्रत्यारोपणे होतात. रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे दाबणे हे एच.एल.ए.विरुद्धच्या जोरदार प्रतिपिंडांपेक्षा सहसा सोपे जाते.

लाभ आणि धोका

एवढे करून लाभ किती? यावर जगातच दोन मते आहेत. २०११ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने अशा २११ रुग्णांचा अनुभव मांडला. आठ वर्षांनंतर त्यांच्यातले शंभरात ८० जण हयात होते, तर केवळ डायलिसिसवर राहिलेल्या तशाच रुग्णांत शंभरात ३० जण. २०१७ साली ब्रिटनमधील अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही. तिथे डायलिसिसवर वाट पाहणारेही तितकेच जगले. म्हणजे डायलिसिस जितके चांगले आणि नियमित, तितकी थांबण्यातली जोखीम कमी. हा उपचार करूच नये असे यातून निघत नाही. घाईघाईने सर्वस्व पणाला लावण्यासारखा तो नाही, एवढे मात्र निघते.

धोकाही उघडपणे सांगितला पाहिजे. पहारा कमी केला की चोर शिरतात. या औषधांवर असताना क्षयरोग उफाळू शकतो, बुरशीचे आणि विषाणूंचे आजार होऊ शकतात. पूर्वी कधी बी प्रकारची कावीळ होऊन गेली असेल तर रिटुक्सिमॅबमुळे ती पुन्हा जागी होऊन यकृत निकामी होऊ शकते. म्हणून इंजेक्शनपूर्वी कावीळ-बीच्या दोन्ही तपासण्या, एच.बी.एस.ए.जी. आणि अँटी-एच.बी.सी., झाल्याच पाहिजेत. झोपडपट्टीत दाटीवाटीने राहणाऱ्या, धुळीत काम करणाऱ्या कुटुंबांनी हा विचार अधिक करावा.

तेरच्या बंधूंना

बंधू, तुमची किडनी देण्याची तयारी हेच मोठे दान आहे. ज्या तेरच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, त्या भूमीतला उपासक दानाचा असा अर्थ लावतो याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण जमीन विकण्यापूर्वी पुढील गोष्टी या क्रमाने करा.

प्रथम, डॉक्टरांना नेमके विचारा. पत्नीचा पी.आर.ए. किती टक्के? माझ्याविरुद्धची प्रतिपिंडे सौम्य आहेत की जोरदार? तुमच्या रुग्णालयात अशा किती रुग्णांवर उपचार झाले आणि वर्षानंतर किती किडन्या चालू राहिल्या? उपचार करूनही क्रॉस मॅच निगेटिव्ह झाली नाही तर आतापर्यंतच्या खर्चाचे काय? उत्तरे कागदावर लिहून घ्या. सौम्य प्रतिपिंडे असतील तर प्रयत्न करण्यासारखा असतो. फार जोरदार असतील तर पैसा जाऊनही पदरी काही पडत नाही.

दुसरे, पत्नीच्या माहेरी जा. तिचे आई-वडील, भाऊ, बहिणी यांची तपासणी करा. तिची प्रतिपिंडे मुख्यतः तुमच्या खुणांविरुद्ध असतील तर तिच्या सख्ख्या भावंडांविरुद्ध ती नसण्याची शक्यता आहे. तुमच्या मुलांत मात्र तुमच्या निम्म्या खुणा आहेत, हे लक्षात असू द्या. कायद्याने आजी-आजोबाही जवळच्या नात्यात धरले आहेत.

तिसरे, अदलाबदल. तुमची किडनी पत्नीला चालत नाही, पण दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला चालेल; त्यांच्या दात्याची तुमच्या पत्नीला चालेल. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन अशा देवाणघेवाणीला मान्यता मिळाली आहे. २०१३ च्या जागतिक किडनी दिनी अहमदाबादच्या सरकारी किडनी संस्थेत अशी दहा प्रत्यारोपणे एकाच दिवशी झाली. यात प्रतिपिंडे दाबण्याचा मोठा खर्च वाचतो. तुमच्या रुग्णालयात अशी नोंदवही आहे का हे विचारा. नसेल तर मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा. कोणाचीही किडनी कोणाला चालू शकते, जात विचारली जात नाही, हे तुमच्या भावकीलाही सांगा.

चौथे, मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवा. ही नोंद प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्रात होते. मराठवाड्याचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. नोंद करायला जमीन विकावी लागत नाही.

पाचवे, सरकारी आधार पुरता घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. प्रतिपिंडे कमी करण्याची औषधे त्यात किती बसतात हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्या. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय ते सांगत नाहीत. कारखान्यात विमा कापला जात असेल तर ई.एस.आय.कडे जा, १९४८ च्या त्या कायद्याची पायाभरणी बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच झाली होती.

हे पाच दरवाजे ठोठावल्यावर मगच जमिनीचा विचार. आणि विकायचीच झाली तर सगळा पैसा शस्त्रक्रियेत घालू नका. किडनी बसल्यानंतर गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यांची तजवीज आधी हवी.

गोळी चुकवू नका

किडनी बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक कळकळीची विनंती. बरे वाटते म्हणून, पैसे संपले म्हणून, लग्नकार्यात विसरलो म्हणून गोळ्या सोडू नका. गोळ्या थांबल्या की शरीर नवी प्रतिपिंडे बनवू लागते. काही दुखत नाही, ताप येत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत किडनी हळूहळू मरते. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय असू शकतो. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसचा परिणाम फार कमी करते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आधी आपल्या गोळ्या दाखवा. भस्म, काढे, झाडपाल्याची पुडी यांपासून दूर राहा.

रक्तावर जगणारी लेकरे

थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांच्यातही काहींच्या शरीरात ए, बी, ओ पलीकडच्या बारीक रक्तगटांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि मग जुळणारे रक्त मिळेनासे होते. कधी दिलेले रक्त आठवड्याभरात फुटते, लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात. अशा वेळी स्टेरॉइड, आय.व्ही.आय.जी. आणि गंभीर रुग्णांत रिटुक्सिमॅब वापरतात, पण तो नाइलाजाचा उपाय आहे. खरा उपाय म्हणजे सुरुवातीपासूनच बारीक गट जुळवून आणि पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त देणे. पहिले रक्त देण्यापूर्वीच मुलाचा सविस्तर रक्तगट तपासून घ्यावा. अवघड रक्तगटांची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी, मुंबईत के.ई.एम.च्या आवारातच आहे.

आठवण निर्माणच होऊ नये म्हणून

महागडी औषधे घेऊन प्रतिपिंडे दाबण्यापेक्षा ती होऊच न देणे आपल्या हाती अधिक आहे. याचे उत्तम उदाहरण निगेटिव्ह रक्तगटाच्या मातेचे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिले की आईच्या शरीरात हानिकारक प्रतिपिंडे होत नाहीत आणि पुढचे बाळ वाचते. हे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. गर्भपातानंतरही ते द्यावे लागते.

रक्ताच्या बाटलीबाबतही तेच. जीव वाचवण्यासाठी रक्त लागले तर क्षणभरही कचरू नये. परंतु अशक्तपणा आहे, 'एक बाटली चढवा' ही पद्धत चुकीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याचा उपाय लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, पोटभर अन्न आणि पाळणा लांबवणे हा आहे. डायलिसिसच्या रुग्णाला रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन आणि लोह देता येते. बाटली टाळता येईल का हे प्रत्येक वेळी विचारा, आणि पुढे किडनी बसवायची असेल तर तसे आवर्जून सांगा. किती बाटल्या, कधी, कुठे दिल्या याची नोंद एका वहीत ठेवा.

शेवटी एक गोष्ट घराघरांत बोलली जावी अशी आहे. २०१८ ते २०२३ या काळात देशात ५६,५०९ जिवंत व्यक्तींनी अवयव दिले. त्यांत ३६,०३८ स्त्रिया होत्या. देणारे हात बायकांचे, आणि अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषच दुपटीहून अधिक. जी स्त्री मुले जन्माला घालते, बाळंतपणात रक्त सांडते, वेळ आली तर आपली किडनी काढून देते, तिलाच किडनी लागली की तिचे मातृत्व तिच्या आड येते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे मांडले होते. तो विचार घरापासून सुरू व्हावा. गर्भार सुनेच्या, मुलीच्या ताटात पहिली भाकरी वाढली जावी, तिची लोहाची गोळी कोणी तरी आठवणीने द्यावी, तिचा रक्तगट तिसऱ्या महिन्यातच तपासला जावा. आणि विहारातल्या पौर्णिमेच्या बैठकीत अवयवदानाचा अर्ज भरताना तिथे पुरुषांची नावेही तितकीच असावीत.

पुढच्या अंकात डायलिसिसच्या रुग्णाने काय खावे, काय टाळावे याविषयी बोलू. आपली पत्रे पाठवीत राहा. जयभीम!